मुद्देमाल क्रमांक एक

एकुलतीची खालची चार पानं सोमवारी सकाळी पिवळी पडली आणि समिती यायला दहाच दिवस उरले होते.

एकुलती म्हणजे कोणाची मुलगी नव्हे. वनस्पती उद्यानाच्या टेकडीवर, कातळाच्या एका खोबणीत कमरेएवढं वाढलेलं ते एक झुडूप होतं. त्याचं शास्त्रीय नाव इतकं लांबलचक होतं की ते फक्त अधीक्षकसाहेबांना एका दमात म्हणता यायचं, तेही सकाळच्या वेळी. असं दुसरं झुडूप अजून कोणाला कुठे सापडलेलं नव्हतं. म्हणून माळीमामा त्याला एकुलती म्हणू लागले आणि तेच नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. दिसायला बिचारी अगदीच साधी. वर्षातून तीन दिवस तिला राखाडी फुलं यायची, तीही चष्मा पुसून शोधली तर सापडायची. पाहुणे बहुधा तिच्या शेजारच्या फलकाचा फोटो काढून पुढे सटकायचे.

फलकांचा साहेबांना भारी सोस होता. 'फुले तोडू नयेत', 'फांद्या वाकवू नयेत', 'खोडावर नावे कोरू नयेत' इथपर्यंत कोणाची तक्रार नव्हती. पण 'या फलकाला टेकू नये' असाही एक फलक होता आणि तो नसता तर कोणी त्याला टेकलंही नसतं, हे साहेबांना पटवून देणं कोणाला जमलं नव्हतं. सहलीला येणारी मुलं त्यांना 'नयेकाका' म्हणत. हे साहेबांच्या कानावर आलं होतं. वरवर ते रागावत, पण एकदा त्यांनी एका मुलाला ते नाव पुन्हा म्हणायला लावलं होतं, असं मुलांना झाडं दाखवणारी निसर्गताई शपथेवर सांगायची.

आता आतली गोष्ट सांगतो. साहेब या उद्यानात आले तेव्हापासून सतरा वर्षं ते लोकांना बंद होतं. मग वरून हुकूम आला की एक वर्ष करून बघा: लोकांना आत घ्या, वाटा आखा, मुलांना झाडं शिकवा. साहेबांनी त्याविरुद्ध सात पानी पत्र धाडलं. पत्राला उत्तर आलं नाही, मुलं मात्र आली. पहिल्या महिन्यात साहेब कानात कापूस घालून कचेरीत बसले. चौथ्या महिन्यात कापूस निघाला. आणि आता अकराव्या महिन्यात, ज्या दिवशी सहल नसे त्या दिवशी ते दर पाच मिनिटांनी खिडकीशी येऊन रिकाम्या वाटेकडे बघत उभे राहायचे. माणसांच्या वर्दळीनं झाडांचं नुकसान झालं असं तपासणीला येणाऱ्या समितीनं म्हटलं की फाटक पुन्हा बंद होणार होतं. मुलं बंद, वर्ग बंद आणि निसर्गताईची नोकरीही बंद. साहेबांना ते अजिबात नको होतं. पण सात पानी पत्र लिहून बसलेल्या माणसाला हे बोलून दाखवणं जड जातं, त्यामुळे ते कोणाला काही बोलले नव्हते.

तर पानं पिवळी पडली आणि साहेबांनी माळीमामांना बोलावून घेतलं.

"मामा, हे काय?"

"पिवळी झाली की, साहेब."

"ते मला दिसतंय. का झाली?"

मामांनी एक पान उलटं करून बघितलं, मग सुलटं करून बघितलं. "दर वर्षी होत असतील. इतक्या जवळून आपण बघितलंय कधी?"

"समितीच्या अध्यक्षबाई बघतील. तीस वर्षांपूर्वी त्यांनीच ही शोधली, याच कातळावर गुडघे फोडून घेऊन. त्या आल्या की आधी इथे येणार. काळजी घ्यायला हवी."

साहेबांची काळजी घेण्याची पद्धत म्हणजे परिपत्रक. दुपारच्या आत ते निघालं: 'सर्व कर्मचाऱ्यांनी एकुलतीची विशेष काळजी घ्यावी.' काळजी म्हणजे काय आणि ती नेमकी कोणी घ्यायची, हे त्यात नव्हतं. उद्यानात माणसं मोजून चार. मामांनी सही केली, ताईनं सही केली, साहेबांनी स्वतःच्याच परिपत्रकावर स्वतः सही केली आणि शेवटी फाटकावरचा हवालदार सहीला आला तो काखेत जाडजूड फाईल मारून.

हा रखवालदार पोलिसातून निवृत्त झालेला. अंगावरची वर्दी उतरली होती, पण आतला हवालदार काही उतरला नव्हता. उद्यानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची पिशवी तो उघडायला लावायचा. आत तोडलेली फांदी निघाली की ती जप्त करायचा आणि जागच्या जागी पंचनामा लिहायचा. त्यात आरोपीचं वय, जप्त वस्तूची लांबी विती-बोटांत, आरोपीचा जबाब आणि सगळ्यात खाली 'विल्हेवाट' असा रकाना. त्या रकान्यात अधीक्षकांची सही लागायची.

"साहेब, मुद्देमालाचे कागद. एकशे चार झाले. विल्हेवाट राहिलीय."

"हवालदार, अहो फांद्या आहेत त्या. द्या पाचोळ्यात टाकून."

"सहीशिवाय मुद्देमाल नष्ट केला तर उद्या माझ्यावर येतं."

"मग आहे तसा असू द्या. समिती होऊन जाऊ दे, मग बघू."

"अकरा महिने दर सोमवारी हेच म्हणताय, साहेब."

"म्हणजे आता सवय झाली असेल ना तुम्हाला."

हवालदारानं परिपत्रकावर सही केली, खाली तारीख आणि वेळ टाकली आणि फाईल तशीच काखेत मारून निघून गेला. साहेब कचेरीच्या बाजूच्या दारानं ये-जा करत, त्यामुळे फाटकाकडचं जग त्यांना फाईलपुरतंच माहीत होतं.

दुसऱ्या दिवसापासून एकुलतीची विशेष काळजी सुरू झाली. माळीमामा सकाळी सातला येत आणि साहेबांना झाडातलं काय कळतंय असं मनाशी म्हणत एक झारी पाणी घालून जात. दहा वाजता निसर्गताई जवळच्या शाळेच्या बत्तीस मुलांना घेऊन यायची. मामांचं आता वय झालं, ते विसरत असतील, असं तिला वाटायचं. म्हणून ती मुलांना सांगायची, "आपल्या बाटलीत उरलेलं पाणी फेकायचं नाही, एकुलतीला द्यायचं." मुलं इतकी मनापासून द्यायची की काहींनी त्यासाठी पाणी प्यायचंच सोडलं. आणि संध्याकाळी पाचला, सगळे पांगल्यावर, साहेब कचेरीतला काचेचा जग भरून टेकडी चढत. बाकीच्यांवर सोपवून चालत नाही, हे त्यांचं नोकरीतलं जुनं मत होतं.

पाणी मिळाल्यावर आणखी पानं पिवळी पडली. पानं पडली म्हणून मामांनी एकाच्या दोन झाऱ्या केल्या आणि दुसरीत खताचं पाणी कालवलं. ताईनं मुलांना घरून भरलेली जास्तीची बाटली आणायला सांगितली. साहेब जगाच्या दोन खेपा करू लागले आणि दुसऱ्या खेपेला वाटेत धापा टाकत 'टेकू नये'च्या फलकाला टेकू लागले. तिघांपैकी कोणीही दुसऱ्याला काही सांगितलं नाही. आपण गुपचूप केलेली सेवा गाजवायची नसते, असं तिघांचंही चांगलं वळण होतं. आणि कातळाची ती खोबण म्हणजे एक खोलगट बशी. पाणी आत जायचं, बाहेर पडायला त्याला वाट नव्हती.

समितीच्या आदल्या दिवशी, बुधवारी सकाळी, साहेबांनी एकुलतीवरचं कोळ्याचं जाळं काढायला हात लावला आणि एकुलती अख्खी त्यांच्या हातात आली. मुळं काळी पडून लिबलिबीत झाली होती. साहेब तिला दोन्ही हातांत धरून टेकडी उतरले. मग त्यांनी सगळ्यांना कचेरीत बोलावलं आणि टेबलावर वर्तमानपत्र पसरून ती त्यावर ठेवली.

"पाहुण्यांपैकी कोणी काही केलं?" साहेबांनी विचारलं.

"नाही हो," ताई म्हणाली. "मुलं तर जीव लावतात तिला. रोज बत्तीस बाटल्या पाणी घालतात."

मामांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. "बत्तीस? अगं, मी दोन झाऱ्या घालतोय की रोज."

"तुम्ही घालता?"

"मग माळी कशाला आहे मी?"

दोघांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब टेबलावरच्या काचेच्या जगाकडे बघत होते. "माझे दोन," ते हळूच म्हणाले.

मग सगळ्यांच्या माना हवालदाराकडे वळल्या.

"मी पाणी घातलेलं नाही," हवालदार म्हणाला. "परिपत्रकात पाण्याचा उल्लेख नव्हता. मी दिवसातून दोनदा जाऊन बघून येत होतो आणि नोंद करत होतो. परवा लिहिलंय, 'प्रकृती गंभीर'."

"मग मला सांगायचं नाही?"

"नोंद फाईलला लावलीय, साहेब."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. मामा तिच्याकडे बघून कावरेबावरे झाले आणि घसा खाकरत म्हणाले, "साहेब, मागच्या कुंपणाला एक झुडूप आहे. लांबून अगदी हिच्यासारखंच दिसतं. त्या खोबणीत लावून टाकू का?"

"मामा, ज्या बाईंनी ही शोधली त्या डोळे मिटून नुसत्या वासावर ओळखतील."

"सर्दी झाली असली तर?"

"काही लावायचं नाही," साहेब म्हणाले. "मी खरं ते सांगणार."

घरी गेल्यावरही त्यांच्या तोंडाची चव गेलेली होती. गॅलरीत आई कुंड्यांची माती खुरप्यानं मोकळी करत बसली होती. त्या कुंड्यांपासून चार हात लांब राहायचं, अशी साहेबांना लहानपणापासून ताकीद होती, म्हणून ते दारातच उभे राहिले आणि सगळं सांगून टाकलं. आईनं उद्यान बघितलं होतं ते एकदाच, उघडलं त्या पहिल्या दिवशी. त्यानंतर साहेबांनी कितीदा बोलावलं, पण दर वेळी तिचे गुडघे दुखायचे. बाजारात दोन फेऱ्या मारताना ते गुडघे कुठे जातात, हे साहेबांनी कधी विचारलं नव्हतं.

आईचं खुरपं थांबलं. "मेली म्हणजे? सगळीच?"

"सगळीच, आई. एकच तर होती."

जेवताना तिनं तीन वेळा पाणी वाढलं आणि भाजी वाढायची विसरली. मग ताटं उचलता उचलता म्हणाली, "उद्या मी येते तुझ्याबरोबर."

"अगं, उद्या नको. उद्या माझी शोभा होणार आहे."

"म्हणूनच येते. आणि मला मोठ्या फाटकाशी सोड. मी फाटकातून आत येईन."

गुरुवारी सकाळी साहेबांनी आईला फाटकाशी सोडलं आणि स्वतः अध्यक्षबाईंना घ्यायला गेले; समितीतर्फे त्या एकट्याच आल्या होत्या. बाई सत्तरीच्या, बुटक्या, गळ्यात दोरीनं बांधलेलं भिंग. नमस्कार झाल्या झाल्या त्यांनी विचारलं, "माझं झुडूप कसं आहे?" आणि उत्तराची वाट न बघता त्या टेकडी चढू लागल्या. साहेब मागून, त्यांच्या मागून ताई. रात्रभर घोकलेली वाक्यं साहेब मनात पुन्हा म्हणत होते: 'मॅडम, मला आपल्याला एक वाईट बातमी द्यायची आहे.'

कातळापाशी पोचून पाहतात तो खोबणीत एकुलती उभी. हिरवीगार, टवटवीत, जमिनीशी थोडी तिरकी. क्षणभर साहेबांना वाटलं की आपण गेले दोन दिवस तापात होतो. मग त्यांची नजर माळीमामांवर गेली. मामा हातात झारी घेऊन आकाशातले ढग मोजत होते आणि आकाशात एकही ढग नव्हता.

अध्यक्षबाई वाकल्या. त्यांनी पान भिंगाखाली धरलं, मग झुडूप सगळीकडून न्याहाळलं. "बरीच वाढली हो," त्या म्हणाल्या. "छान राखलीत."

साहेबांना नुसतं 'हो' म्हणायचं होतं. एवढा एक शब्द, की बाई टेकडी उतरणार होत्या, फाटक उघडं राहणार होतं, उद्या दहा वाजता बत्तीस मुलं येणार होती. खाली वाटेवर कुठलंतरी मूल 'नयेकाका कुठेत?' असं विचारत होतं.

"मॅडम, ही ती नाही," साहेब म्हणाले. "ती काल गेली. पाहुण्यांनी तिला बोट लावलं नाही. पाणी घालून घालून आम्हीच मारली. परिपत्रक माझं होतं, तेव्हा दोषही माझा. अहवालात माझं नाव लिहा. मुलांच्या येण्यावर खापर फोडू नका, एवढी विनंती आहे."

"मीही घातलं पाणी," ताई पुढे होऊन म्हणाली.

"आणि हे कुंपणाचं मी लावलं," मामा झारीकडे बघत म्हणाले. "साहेबांनी नको म्हटलं होतं."

"ते मला दिसलंच," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र खाली आला होता. त्या कातळावर बसल्या आणि खोबणीच्या कडेवरून हात फिरवत राहिल्या. तीस वर्षांपूर्वी शोधलेली वस्तू गेली की माणूस काय करणार. साहेबांना त्यांच्याकडे बघवेना.

तेवढ्यात खालून हवालदार भराभर टेकडी चढत आला. आजही त्याच्या काखेत फाईल होती आणि मागे साहेबांची आई होती. तिचे गुडघे झकास चालत होते.

"साहेब," हवालदार म्हणाला, "प्रकरण क्रमांक एकमधली आरोपी स्वतःहून हजर झालीय. मुद्देमाल दाखवा म्हणतेय. तुमच्या परवानगीशिवाय दाखवता येत नाही."

"आई?" साहेब म्हणाले.

"हो, मीच," आई म्हणाली. "उद्यान उघडलं त्या दिवशी तुझ्या त्या झुडपाची एक फांदी तोडून मी पिशवीत टाकली. या माणसानं फाटकात पकडलं मला. म्हणून तर नंतर आले नाही, कुठल्या तोंडानं येणार? याला मघापासून विचारतेय की ती फांदी टाकलीस का, तर म्हणतो सही नाही."

"टाकली कशी असेल?" हवालदार दुखावला. "सहीशिवाय?"

अध्यक्षबाई कातळावरून ताडकन उठल्या. सत्तरीच्या बाई इतक्या जलद टेकडी उतरू शकतात हे कोणाला ठाऊक नव्हतं. फाटकाच्या खोलीमागे, खोली आणि भिंत यांच्यामध्ये एक अरुंद पट्टी होती. तोंडाशी साहेबांचाच एक जुना फलक टांगलेला: 'आत जाऊ नये.' मामा आणि ताई अकरा महिने तो फलक पाळून आत गेले नव्हते.

आत रंगाचे रिकामे डबे होते, कापलेले तेलाचे कॅन होते, कान तुटलेले कप होते, एक जुना बूटही होता. प्रत्येकात बारीक खडी आणि तीत रोवलेली एक फांदी. प्रत्येकीला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. 'क्रमांक चाळीस. आरोपीचे वय सात. जबाब: आईला द्यायची होती.' 'क्रमांक त्र्याहत्तर. आरोपीचे वय साठ. जबाब: वाऱ्याने पिशवीत पडली.' काही फांद्या वाळल्या होत्या आणि त्यांच्या चिठ्ठीवर 'मुद्देमाल मृत' असं तारखेसह लिहिलं होतं. पण निम्म्याहून जास्त हिरव्या होत्या. आणि सगळ्यात पहिल्या, गंजक्या डब्यात, गुडघ्याएवढी उंच, एकुलती उभी होती. खरी. तिची खालची चार पानं पिवळी होती.

"अरे देवा, हीसुद्धा," साहेब पुटपुटले.

"गप्प बसा हो," बाई भिंग लावून म्हणाल्या. "कळ्या धरायच्या आधी ही खालची पानं टाकतेच. हे बघा, कळ्या. तुमची ती आजारी नव्हतीच." मग त्या हवालदाराकडे वळल्या. "खडीत लावायचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही, मॅडम. उद्यानातली माती हलवायला साहेबांची लेखी परवानगी लागते. अर्ज केलाय, अकरा महिने झाले. तोपर्यंत बाहेरच्या रस्त्यावरची खडी आणली."

"आणि पाणी?"

"मुद्देमालाला पाणी द्यायची तरतूद नाही. पाऊस पडला तर मी अडवत नाही."

"तीन वेळा आम्ही काचघरात हिची फांदी लावली," साहेब म्हणाले, "उत्तम माती, दिवसातून चार वेळा पाण्याचा फवारा. तिन्ही वेळा मेली."

"मरणारच. खडकात वाढलेली आहे ती. तिला कोणी लाड केलेले चालत नाहीत." बाईंनी डब्यावर अलगद हात ठेवला आणि हवालदाराकडे बघून म्हणाल्या, "तुमचे फार उपकार झाले हो." हवालदाराला आयुष्यात कोणी असं म्हटलं नसावं. त्यानं सलाम करायला हात उचलला आणि तो अर्ध्यावरच राहिला.

मग बाईंनी एकशे चार चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या. दहाच्या सहलीतली मुलंही तिथे येऊन धडकली. त्यांतल्या एका मुलीला आपली फांदी सापडली, क्रमांक अठ्ठ्याऐंशी. ती तिच्यासमोर उकिडवी बसली आणि बाकीच्यांना ओरडून सांगू लागली, "ही माझी, ही मी तोडली होती, हिला पानं आलीत." मग सगळ्यांनाच आपापले गुन्हे शोधायचे होते. तासभर झाडाला हात न लावता इतकी मुलं झाडाकडे इतकं निरखून बघतायत, असं ताईनं पहिल्यांदाच पाहिलं. अध्यक्षबाई मधूनमधून वहीत काही लिहीत होत्या. निघताना मात्र एवढंच म्हणाल्या, "अहवाल यथावकाश पाठवीन."

बाई फाटकाशी पोचल्या तेव्हा हवालदार आडवा आला. "पिशवी, मॅडम."

"हवालदार, अहो समितीच्या अध्यक्ष आहेत त्या," साहेब धावत येऊन म्हणाले.

"बाहेर जाणारा प्रत्येक जण, साहेब. नियम तुमचाच आहे."

बाई एकाएकी किल्ली शोधू लागल्या, मग रुमाल शोधू लागल्या. अखेर पिशवी उघडली. वहीच्या पानांत, ओल्या हातरुमालात गुंडाळलेली, कुंपणावरच्या निळ्या फुलांच्या वेलीची एक फांदी होती. साहेबांनी दुसरीकडे बघितलं. मामांनाही आकाशात पुन्हा ढग दिसू लागले.

"एक वीत, चार बोटं," हवालदार मोजून म्हणाला. "वय?"

"एकाहत्तर," अध्यक्षबाई लाल होत म्हणाल्या.

"जबाब द्यायचाय काही?"

बाईंनी त्याच्या हातातून पेन घेतलं आणि रकान्यात स्वतःच्या अक्षरात लिहिलं. हवालदारानं तो कागद रीतसर मोठ्यानं वाचला: "फांदी आवडली म्हणून घेतली. ती कशी वाढते ते बघायला दर महिन्याला येणार आहे. तोपर्यंत हे फाटक उघडे ठेवावे." खाली त्यांची सही होती, अहवालावर करतात तशीच, पदनामासह.

ताईनं मामांचा हात धरला. साहेब बाईंना 'आभारी आहे' म्हणाले, मग पुन्हा म्हणाले, आणि त्या रस्त्याच्या वळणावर दिसेनाशा झाल्यावरही एकदा म्हणाले. मग ते हवालदाराच्या खोलीत शिरले, अकरा महिन्यांत पहिल्यांदाच, आणि म्हणाले, "आणा ती फाईल."

सगळ्यात वर प्रकरण क्रमांक एक होतं. आरोपीचं वय चौऱ्याहत्तर, अधीक्षकांशी नातं: मातोश्री. एकदाच फाईल उघडली असती तरी दिसलं असतं. आणि बरं झालं उघडली नाही, कारण उघडली असती तर त्यांनी सही केली असती आणि फांदी पाचोळ्यात गेली असती. साहेबांनी कागद जवळ ओढला.

"इथे जबाब कोरा आहे," ते म्हणाले.

"त्या दिवशी आरोपी बोलायला तयार नव्हती," हवालदार म्हणाला.

"आता आहे," आई स्टुलावर टेकत म्हणाली. "घ्या लिहून. माझा मुलगा लहानपणापासून रोपांना फार जीव लावतो. घरातल्या सात कुंड्या त्यानं पाणी घालून घालून मारल्या. त्या झुडपाकडे तो कसा बघतोय ते मी पहिल्याच दिवशी पाहिलं आणि एक फांदी बाजूला काढून ठेवावी म्हटलं."

हवालदारानं शब्द न् शब्द उतरवून घेतला आणि कागद साहेबांसमोर सरकवला. साहेबांचे डोळे भरून आले होते, त्यामुळे विल्हेवाटीचा रकाना सापडायला जरा वेळ लागला. तिथे त्यांनी लिहिलं, 'जपून ठेवणे. मनापासून आभार.' आणि सही केली.

हवालदारानं कागद उचलून बारकाईनं वाचला. "साहेब, आभार कोणाचे ते लिहिलेलं नाही. आरोपीचे की माझे? नंतर फाईलला घोळ होतो."

साहेबांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं आणि खाली लिहिलं, 'दोघांचे.' मग हवालदारानं त्याच्यावर वेळ टाकली.